प्रोव्हिजनल अ‍ॅडमिशन, ३.० जीपीए आणि प्रोबेशन: अमेरिकेतल्या मास्टर्सच्या अटी कशा वाचायच्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाकडून इंजिनिअरिंगच्या एम.एस.साठी ऑफर आली आहे. बी.ई.चे गुण बेताचे आहेत आणि मध्ये दोन केटी लागल्या होत्या. ऑफर लेटरमध्ये ‘प्रोव्हिजनल’ असा शब्द आहे. पहिल्या नऊ क्रेडिटमध्ये (एक विषय साधारण तीन क्रेडिटचा, म्हणजे तीन विषयांत) ३.० जीपीए, म्हणजे ४.० पैकी सरासरी ग्रेड, राखण्याची अट आहे, शिवाय अंतिम ट्रान्सक्रिप्ट आणि डिग्री सर्टिफिकेट मागितलं आहे. पहिलं सेमिस्टर बिघडलं तर प्रोबेशन, म्हणजे सुधारायला मुदत, मिळतं की थेट बाहेर काढतात, आणि व्हिसाचं काय होतं, असं विचारलं आहे.

या लेटरमध्ये एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या अटी आल्या आहेत. त्या एकमेकींत मिसळल्या की गोंधळ होतो, म्हणून आधी त्या वेगळ्या करू. कागदपत्रांची अट कारकुनी असते: पदवी मिळाल्याचा पुरावा पोचला की ती संपते. गुणांची अट मात्र पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत डोक्यावर राहते. याखेरीज आणखी एक प्रकार असतो. आधीचा अभ्यासक्रम अपुरा वाटला तर पदवी स्तरावरचे एक-दोन विषय पूर्ण करायला सांगतात. ते विषय मास्टर्सच्या क्रेडिटमध्ये बहुधा धरत नाहीत, पण त्यांची फी भरावी लागते आणि वेळही जातो. तुमच्या लेटरमध्ये असे विषय आहेत का, ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचून बघा. बऱ्याचदा ही ओळ मुख्य लेटरमध्ये नसते, सोबतच्या ईमेलमध्ये किंवा विभागाच्या पत्रात असते.

अ‍ॅडमिशन कोण देतं हेही माहीत असायला हवं. अर्ज विभाग वाचतो आणि शिफारस करतो, प्रवेश देते ती ग्रॅज्युएट स्कूल. हे वेगळं कॉलेज नसून सगळ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे नियम सांभाळणारं कार्यालय असतं. चार वर्षांची पदवी, ४.० पैकी ३.० च्या तोडीचे गुण, इंग्रजीची परीक्षा हे किमान निकष ग्रॅज्युएट स्कूलचे असतात. जीआरई ही प्रवेश परीक्षा हवी की नको, शिफारसपत्रं किती, कोणता विषय शिकलेला असला पाहिजे, हे विभाग ठरवतो. प्रोव्हिजनल अ‍ॅडमिशनमागे साधारणपणे हीच कहाणी असते: गुण किमान निकषाच्या जरा खाली, पण विभागाला उमेदवार हवा आहे, म्हणून विभाग ग्रॅज्युएट स्कूलकडे अपवाद मागतो. अपवाद मिळतो, पण पहिल्या नऊ किंवा बारा क्रेडिटमध्ये कुवत दाखवण्याच्या बोलीवर. म्हणजे तुमच्यासाठी विभागाने शब्द टाकला आहे. ही गोष्ट पुढे अडचण आली तर उपयोगी पडते.

कागदपत्रांच्या अटीत भारतीय विद्यार्थी एका ठरावीक जागी अडकतात. निकाल जूनमध्ये लागतो, पदवीदान समारंभ काही महिन्यांनी होतो आणि मधल्या काळात हातात फक्त प्रोव्हिजनल सर्टिफिकेट असतं. बरीच विद्यापीठं ते चालवून घेतात, काहींना पदवी प्रदान झाल्याची तारीख असलेला कागदच लागतो. तुमचं विद्यापीठ कोणत्या गटात आहे हे निघण्याआधी ईमेलने लेखी विचारा. सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि विद्यापीठाने सील केलेले ट्रान्सक्रिप्टचे किमान तीन-चार संच सोबत ठेवा. पाकीट स्वतः फोडू नका, फोडलेलं पाकीट अधिकृत धरत नाहीत. अंतिम कागद पहिल्या सेमिस्टरच्या शेवटापर्यंत पोचला नाही तर तुमच्या खात्यावर ‘होल्ड’ लागतो. दिसायला ही किरकोळ बाब आहे, पण होल्ड असताना पुढच्या सेमिस्टरची नोंदणी होत नाही, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर वेळेत पूर्ण नोंदणी नसणं ही किरकोळ बाब नाही. घरच्यांपैकी कुणाला तरी विद्यापीठात जाऊन कागद काढता येईल असं अधिकारपत्र देऊन ठेवा.

केटीबद्दल एवढंच: ट्रान्सक्रिप्टमध्ये जे आहे ते तसंच जाऊ द्या. आणि अर्जात किंवा कुठल्याही फॉर्ममध्ये आपले टक्के ४.० च्या मापात स्वतः बदलून लिहू नका. टक्क्यांना २५ ने भागणं, सीजीपीएला २.५ ने भागणं किंवा ९.५ ने गुणून टक्के काढणं, हे सगळे घरगुती उपाय आहेत. ९.५ चा गुणक सीबीएसईच्या दहावीसाठी होता, इंजिनिअरिंगच्या मार्कशीटशी त्याचा संबंध नाही. आपल्याकडचे ६५ टक्के आणि तिकडचे ६५ टक्के यांचा अर्थ फार वेगळा आहे आणि मूल्यमापन करणाऱ्यांना तो कळतो. फॉर्ममध्ये मूळ मापातला आकडा लिहा आणि माप कितीपैकी आहे ते नमूद करा.

आता गुणांच्या अटीकडे. पदवीला तिकडे २.० जीपीए असला तरी विद्यार्थी ‘गुड स्टँडिंग’मध्ये असतो, म्हणजे त्याची प्रगती समाधानकारक धरली जाते. मास्टर्सला ती रेघ बहुतेक सगळीकडे ३.० वर आहे, म्हणजे सरासरी बी. म्हणून मास्टर्समधला सी हा कागदावर पास दिसला तरी व्यवहारात नापासाच्या शेजारचा ग्रेड आहे. शिवाय ‘सी किंवा त्याखालचे दोन ग्रेड मिळाले तर जीपीए काहीही असो, बाहेर’ असा वेगळा नियम अनेक विभागांत असतो. जीपीए ३.२ आणि दोन सी, या अवस्थेत कार्यक्रमातून बाहेर पडणारे विद्यार्थी असतात आणि त्यांना तो नियम पत्र आल्यावर कळतो.

म्हणून नियम तीन ठिकाणी वाचावे लागतात: ऑफर लेटर, विभागाचं ग्रॅज्युएट हँडबुक आणि विद्यापीठाचा कॅटलॉग, म्हणजे नियमांचं आणि अभ्यासक्रमांचं पुस्तक. तिघांत फरक असेल तर सगळ्यांत कडक नियम आपल्याला लागू आहे असं समजून चाला. कॅटलॉग दर वर्षी बदलतो. तुम्हाला सहसा प्रवेशाच्या वर्षीचा लागू होतो, तेव्हा त्या वर्षाची प्रत आजच उतरवून ठेवा.

नेहमीच्या विद्यार्थ्याचा एकूण जीपीए ३.० खाली गेला तर तो प्रोबेशनवर जातो आणि वर यायला त्याला एक सेमिस्टर किंवा नऊ क्रेडिट मिळतात. तेवढ्यात वर आला नाही तर सस्पेन्शन (काही काळ बाहेर) किंवा डिसमिसल (कार्यक्रमातून काढणं). प्रोव्हिजनल विद्यार्थ्याचं गणित वेगळं असू शकतं. कित्येक विद्यापीठांत तुमची पहिली नऊ क्रेडिट हाच प्रोबेशनचा काळ धरला जातो. ती अट चुकली तर मध्ये दुसरी पायरी नसते, थेट प्रवेश रद्द होतो. लेटरमध्ये ‘अट पूर्ण न झाल्यास’ यापुढे काय लिहिलं आहे ते शब्दशः बघा. काहीच लिहिलं नसेल तर ग्रॅज्युएट स्कूलला एका ओळीचा ईमेल करून विचारा. असं विचारल्याने तुमच्याबद्दल वाईट मत होत नाही, उलट उत्तर लेखी हातात येतं.

जीपीएचा हिशेब सरासरीने करू नका, तुटीने करा. सरासरी बघून माणूस एक तर उगाच घाबरतो, नाही तर उगाच निर्धास्त राहतो. बहुतेक ठिकाणी ए म्हणजे ४.०, ए मायनस ३.७, बी प्लस ३.३, बी ३.०, बी मायनस २.७, सी प्लस २.३, सी २.० आणि एफ म्हणजे शून्य. प्रत्येक क्रेडिटला ३ पॉइंट ही आपली गरज. मग तीन क्रेडिटच्या एका विषयात बी मिळाला तर हिशेब शून्य. ए मिळाला तर ३ पॉइंट जमा, ए मायनसला २.१ जमा, बी प्लसला ०.९ जमा. उलट्या बाजूला बी मायनस म्हणजे ०.९ ची तूट, सी प्लस म्हणजे २.१, सी म्हणजे ३, आणि एफ म्हणजे एकदम ९. एक एफ भरून काढायला तीन विषयांत निखळ ए लागतात.

समजा पहिल्या सेमिस्टरला तीन विषयांत बी, बी मायनस आणि सी मिळाले. पॉइंट झाले ९, ८.१ आणि ६, मिळून २३.१. नऊ क्रेडिटने भागले तर जीपीए २.५७. आकडा बघून हातपाय गळतात, पण तूट आहे ३.९ पॉइंटची. पुढच्या सेमिस्टरला एक ए मायनस आणि दोन बी प्लस आले तर जमा होतात २.१ अधिक ०.९ अधिक ०.९, म्हणजे बरोबर ३.९. अठरा क्रेडिटला ५४ पॉइंट, जीपीए नेमका ३.०. यातल्या एका बी प्लसचा बी झाला तर ०.९ ची तूट उरते आणि जीपीए २.९५ वर थांबतो. २.९५ चं ३.० करून घेण्याची पद्धत नसते. बऱ्याच विद्यापीठांत २.९९ सुद्धा ३.० च्या खालीच धरतात.

यातून दोन गोष्टी लक्षात येतात. बी मिळवत राहिल्याने तूट कधीच भरत नाही, ती फक्त वाढायची थांबते. आणि तूट भरायला जागा मर्यादित असते. तीस क्रेडिटच्या मास्टर्समध्ये सहा क्रेडिट थिसिसची असतील तर ती बहुधा समाधानकारक किंवा असमाधानकारक एवढ्याच शेऱ्याने नोंदवली जातात आणि जीपीएत येत नाहीत. उरले आठ विषय. त्यातले तीन पहिल्या सेमिस्टरमध्ये गेले की पाचच शिल्लक. दुसऱ्या वर्षी ‘थिसिस चांगला करून जीपीए वाढवू’ हा बेत कागदावर टिकत नाही. बाहेरून आणलेल्या ट्रान्सफर क्रेडिटचे ग्रेडही जीपीएत धरत नाहीत, तेव्हा ती वाटही बंद. तोच विषय पुन्हा घेतला तर जुना ग्रेड पुसला जातो ही समजूत पदवी स्तरावरून आलेली आहे. मास्टर्सला पुष्कळ ठिकाणी दोन्ही ग्रेड मोजतात आणि क्रेडिट एकदाच मिळतं.

‘इन्कम्प्लीट’ म्हणजे आय ग्रेड हा आणखी एक सापळा. काम थोडं राहिलं म्हणून प्राध्यापक आय देतात, त्या सेमिस्टरचा जीपीए शाबूत दिसतो आणि मग ठरलेल्या मुदतीत काम दिलं नाही की त्या आयचा आपोआप एफ होतो. नऊ पॉइंटची तूट एका रात्रीत. आय घ्यायचाच असेल तर उरलेलं काम आणि तारीख लेखी ठरवून घ्या आणि ती तारीख पुढच्या सेमिस्टरच्या मिडटर्मच्या आधीची ठेवा.

पहिलं सेमिस्टर बिघडतं ते अभ्यास कमी पडतो म्हणूनच असं नाही. आपल्याकडे वर्षभर निवांत राहून शेवटच्या तीन आठवड्यांत पेपर काढता येतो. तिकडे होमवर्क, क्विझ, प्रोजेक्ट आणि मिडटर्म यांत बराचसा ग्रेड सेमिस्टरच्या मध्यापर्यंत ठरून जातो. सिलॅबसमध्ये प्रत्येक गोष्टीचं वजन टक्क्यांत दिलेलं असतं. पहिल्याच आठवड्यात ते एका कागदावर मांडा आणि मिडटर्मनंतर स्वतःचा ग्रेड काढून बघा. दुसरं कारण विषयांची निवड. सीनियर सांगतात म्हणून पहिल्याच सेमिस्टरला तीन जड विषय घेऊ नका. एक जड, एक मध्यम आणि एक आपण पदवीला नीट शिकलेला, हे प्रोव्हिजनल विद्यार्थ्यासाठी योग्य वाटप आहे. सल्लागार प्राध्यापकांना प्रवेशाची अट सांगूनच विषय ठरवा. त्यांना ती माहीत असेलच असं नाही. तिसरं कारण बोलायला अवघड, पण खरं आहे: होमवर्क एकमेकांचं बघून करण्याची सवय. तिकडे तो शैक्षणिक अप्रामाणिकपणाचा गुन्हा ठरतो, त्यातून मिळालेला एफ विषय सोडून टाळता येत नाही आणि अपिलातही तो प्रकार वेगळ्या समितीकडे जातो.

एखादा विषय हातातून जातोय असं दिसलं तर तो सोडता येतो. सुरुवातीच्या एक-दोन आठवड्यांत सोडला तर नोंद राहत नाही. त्यानंतर ठरावीक तारखेपर्यंत डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याचा शेरा, लागतो आणि तो जीपीएत मोजत नाहीत. पण इथे व्हिसा आडवा येतो. एफ-१ वर पूर्णवेळ नोंदणी लागते. मास्टर्सला पूर्णवेळ म्हणजे किती हे विद्यापीठ ठरवतं आणि बहुतेकांकडे ती नऊ क्रेडिट आहेत. त्यातही ऑनलाइन विषय सत्राला एकच, तीन क्रेडिटपर्यंतच धरला जातो. नऊचे सहा करायचे असतील तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याची, ज्याला सगळे डीएसओ म्हणतात, परवानगी आधी सेव्हिस या सरकारी प्रणालीत नोंदवावी लागते. क्रम चुकवू नका: आधी डीएसओ, मग पोर्टलवरचं ड्रॉपचं बटण. रात्री अकरा वाजता डेडलाइन आहे म्हणून विषय सोडला आणि सकाळी डीएसओकडे गेलो, असं झालं तर त्या रात्रीपासून तुम्ही नियमभंगात आहात.

ही परवानगी अभ्यासातल्या अडचणीसाठी मिळते, पण तिची कारणं ठरलेली आहेत: सुरुवातीला इंग्रजीची किंवा वाचनाच्या ओझ्याची अडचण, अमेरिकन शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, किंवा चुकीच्या पातळीच्या विषयात बसवलं जाणं. ‘सी येईल अशी भीती आहे’ हे त्यातलं कारण नाही. परवानगी मिळाली तरी निम्मा भार ठेवावाच लागतो आणि पुढच्या सत्रात पुन्हा पूर्ण नोंदणी करावी लागते. एका पदवी स्तरावर ही सवलत एकदाच मिळते. आजारपणाची वेगळी तरतूद आहे: डॉक्टरांच्या पत्रावर एका स्तरावर एकूण बारा महिन्यांपर्यंत, गरज पडल्यास शून्य क्रेडिटपर्यंत. आणि हो, नऊपैकी तीन क्रेडिट सोडली तर तुमच्या प्रवेशाच्या अटीतली ‘पहिली नऊ क्रेडिट’ पुढच्या सेमिस्टरमध्ये सरकतात की पहिल्या सेमिस्टरवरच निकाल लागतो, तेही लेटरच्या शब्दांवर अवलंबून आहे.

प्रोबेशनमुळे व्हिसा जातो का? नाही. स्टँडिंग हा विद्यापीठाचा हिशेब आहे आणि एफ-१ हा सरकारचा. प्रोबेशनवर असताना पूर्णवेळ नोंदणी असेल तर तुमचा दर्जा शाबूत राहतो. फटका दुसरीकडे बसतो. असिस्टंटशिपसाठी, म्हणजे विद्यापीठातल्या पगारी शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामासाठी, बहुतेक ठिकाणी गुड स्टँडिंग लागतं. ती गेली की पगार जातो आणि त्याला जोडलेली फी माफीही जाते. दुसरा फटका कमी लोकांना ठाऊक असतो: आय-२० वरची (हा व्हिसासाठी विद्यापीठाने दिलेला कागद) अभ्यासक्रम संपवण्याची मुदत वाढवायची तर अभ्यासाचं किंवा आजाराचं सबळ कारण लागतं, आणि प्रोबेशन किंवा सस्पेन्शनमुळे झालेला उशीर हे कारण धरायचं नाही असं नियमातच लिहिलं आहे. सगळी क्रेडिट झाली, जीपीए २.९५ वर अडकला, आता एक विषय जादा घेऊन वर येऊ असं ठरवलं आणि आय-२० संपायला एक महिना उरला आहे, तर तो जादा विषय घ्यायला वेळच नाही. म्हणून तुटीचा हिशेब आणि आय-२० ची शेवटची तारीख एकाच कागदावर लिहून ठेवा.

डिसमिसलचं पत्र आलं तर मात्र दिवस मोजावे लागतात. अपिलाची मुदत छोटी असते, बऱ्याच ठिकाणी दहा-पंधरा दिवसांची. पहिल्याच दिवशी दोन माणसांना भेटायचं: विभागाचे ग्रॅज्युएट डायरेक्टर आणि डीएसओ. डायरेक्टरांना विचारायचं की विभाग पाठिंब्याचं पत्र देईल का. तुमच्या बाबतीत विभागाने आधीच एकदा शिफारस केलेली आहे, आणि पाठिंबा असेल तर ग्रॅज्युएट स्कूल सहसा ऐकून घेते. डीएसओला विचारायचं की अपिलाचा निकाल लागेपर्यंत सेव्हिसची नोंद चालू राहते का, आणि दुसऱ्या विद्यापीठात हलवायची झाली तर शेवटची तारीख कोणती. अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांना ६० दिवस राहता येतं, ती सवलत काढून टाकलेल्या विद्यार्थ्याला नाही. नोंद बंद पडल्यावर धावपळ करून फारसं काही हाती लागत नाही.

अपील एका पानाचं असावं. काय बिघडलं ते दोन-तीन वाक्यांत आणि पुराव्यासह: वैद्यकीय कागद, तारखा. मग काय बदललं आहे. मग योजना, आणि ती आकड्यांत: तूट ३.९ पॉइंटची आहे, पुढच्या सेमिस्टरला हे तीन विषय घेणार, यांत किमान हे ग्रेड लागतील, नोकरीचे तास इतके कमी करणार, सल्लागारांशी दर दोन आठवड्यांनी भेट ठरली आहे. समितीतले लोक अशी पत्रं ढिगाने वाचतात. ‘खूप मेहनत करीन’ या वाक्याने त्यांच्यावर काही परिणाम होत नाही, हिशेब बरोबर मांडलेला असेल तर होतो. प्राध्यापकांनी अन्याय केला असं म्हणायचं असेल तर ती ग्रेड अपिलाची वेगळी वाट आहे. तिथे ग्रेड सिलॅबसमधल्या नियमाविरुद्ध किंवा मनमानीने दिला हे दाखवावं लागतं. ‘मला जास्त मिळायला हवे होते’ एवढ्यावर ती वाट पुढे जात नाही. दोन्ही तक्रारी एकाच पत्रात घातल्या की दोन्ही फसतात.

अपील फेटाळलं गेलं तर दुसऱ्या विद्यापीठात अर्ज करता येतो. तिथे आधीच्या प्रत्येक विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट द्यावं लागतं, तुम्ही एकच सेमिस्टर काढलं असेल तरी. ते लपवलं आणि नंतर उघड झालं तर प्रवेश रद्द होतो, पदवी मिळाली असली तर तीही काढून घेतली जाऊ शकते. बी किंवा त्यावरचा ग्रेड असलेले विषय नव्या ठिकाणी ट्रान्सफर म्हणून घेतात, तीस क्रेडिटच्या मास्टर्सला साधारण सहा ते नऊ क्रेडिटपर्यंत. वरच्या उदाहरणातला बी तेवढा चालेल, बी मायनस आणि सी मागेच राहतील, आणि नव्या विद्यापीठात जीपीए पुन्हा पहिल्या क्रेडिटपासून मोजला जाईल.